मेदाम्लांचे आकडे वाचताना: कशाच्या जागी, कशाच्या तुलनेत, कशाचे टक्के?

नियंत्रणगट | सोमवार, रात्री ९.१०

मेदाम्ले म्हणजे फॅटी अ‍ॅसिड, आणि ओमेगा-३ हा त्यांचाच एक प्रकार. ‘ओमेगा-३ घेतल्याने हृदयविकार टळतो का’ या प्रश्नाला १९९९ साली ‘हो’ असे उत्तर मिळाले. ऑगस्ट २०१८ मध्ये ‘नाही’ मिळाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हृदयरोगतज्ज्ञांच्या एकाच अधिवेशनात एका चाचणीने ‘नाही’ आणि दुसरीने ‘हो, चांगलाच’ म्हटले, आणि २०२० मध्ये पुन्हा ‘नाही’. वाचणारा वैतागून म्हणतो, यांचे रोज मत बदलते. पण या चाचण्या शेजारी शेजारी मांडल्या की कळते, प्रत्येकीने विचारलेला प्रश्नच निराळा होता. तेवढ्यासाठी हा धागा काढतो आहे. तेल, रक्ततपासणी, यकृत यांत मुरलेली मंडळी इथे आहेत, त्यांनी भर घालावी.

१९९९ ची इटलीतली गिसी चाचणी: नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले ११,३२४ रुग्ण, रोज साधारण १ ग्रॅम कॅप्सूल. मृत्यू कमी झाले, त्यातही अचानक येणारे. पण तुलनेसाठी बनावट गोळी (प्लासिबो) नव्हती, कोण काय घेतो ते सर्वांना ठाऊक होते, आणि सुरुवातीला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध, घेणारे अगदी थोडे होते.

२००७ ची जपानमधली जेलिस: कोलेस्टेरॉल वाढलेले १८,६४५ लोक, सगळ्यांना स्टॅटिन, अर्ध्यांना वर १.८ ग्रॅम शुद्ध ईपीए (माशाच्या तेलातल्या दोन मुख्य ओमेगा-३ पैकी एक, दुसरे डीएचए). मोठ्या हृदयघटना १९ टक्क्यांनी कमी. इथेही बनावट गोळी नाही.

२०१८ ची ब्रिटनमधली असेंड: मधुमेह आहे पण हृदयविकार नाही असे १५,४८० लोक, १ ग्रॅमची कॅप्सूल, समोरच्या गटाला ऑलिव्ह तेल. घटना ८.९ विरुद्ध ९.२ टक्के, म्हणजे फरक नाही. नोव्हेंबरच्या अधिवेशनातली ‘नाही’ म्हणणारी, अमेरिकेतली व्हायटल: २५,८७१ सर्वसाधारण प्रौढ, तोच डोस, तेच ऑलिव्ह तेल, आणि मुख्य निकालात फरक नाही.

आता खरी गाठ. त्याच अधिवेशनातली ‘हो’ म्हणणारी रिड्यूस-इट: ८,१७९ रुग्ण, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) वाढलेले, सगळे स्टॅटिनवर, रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीए. घटना २२.० वरून १७.२ टक्के. हा फरक मोठाच आहे. पण समोरच्या गटाला दिले होते खनिज तेल, म्हणजे आपल्याकडे बद्धकोष्ठावर देतात त्या लिक्विड पॅराफिनच्या जातीचे. त्या गटाचे एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) सुमारे १० टक्क्यांनी वाढले, सीआरपी हा दाहाचा निदर्शकही वाढला. मग २०२० मध्ये स्ट्रेंग्थ आली: १३,०७८ रुग्ण, ४ ग्रॅम ईपीए आणि डीएचए एकत्र, समोर मक्याचे तेल. फायदा दिसण्याची शक्यता नाही म्हणून ती मध्येच थांबवली.

तेव्हा रिड्यूस-इटमध्ये ईपीएने वाचवले किती आणि खनिज तेलाने बिघडवले किती? खनिज तेलाचा वाटा आहे पण थोडा, बराचसा फायदा खरा, असे माझे मत. एलडीएलमधल्या तेवढ्या वाढीने एवढी दरी पडत नाही. पण ‘थोडा’ म्हणजे किती, हे त्या आकड्यांतून काढता येत नाही.

तोट्याची बाजू बातम्यांत येत नाही, म्हणून लिहितो. दोन्ही ४ ग्रॅमच्या चाचण्यांत हृदयाची लय बिघडण्याचे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचे प्रमाण वाढले. रिड्यूस-इटमध्ये त्यासाठी रुग्णालयात दाखल होणारे ३.१ विरुद्ध २.१ टक्के होते.

पर्वतीपायथा | सोमवार, रात्री ९.५२

उत्तम धागा. या चाचण्यांतले ‘१ ग्रॅम’ आणि दुकानातली ‘१००० मिग्रॅ’ची कॅप्सूल एकच का?

नियंत्रणगट | सोमवार, रात्री १०.०५

नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. साध्या कॅप्सुलीवरचे १००० मिग्रॅ हे माशाच्या तेलाचे वजन असते. मागच्या बाजूला बारीक अक्षरात १८० ईपीए आणि १२० डीएचए असे लिहिलेले असते. बेरीज ३००. असेंड आणि व्हायटलच्या कॅप्सुलीत ही बेरीज ८४० होती. म्हणजे ज्या डोसने फरक पडला नाही, तेवढा गाठायलाही साध्या कॅप्सुली जवळजवळ तीन लागतात. ४ ग्रॅम ईपीए तर साध्या कॅप्सुलींनी गाठायचे म्हणजे वीसहून जास्त, आणि त्यासोबत न मागितलेले डीएचए आणि इतर चरबी. ४ ग्रॅमचा डोस हे औषध आहे. डॉक्टरांनी ट्रायग्लिसराइड, स्टॅटिन आणि हृदयाची लय बघून लिहून द्यायचे.

आणखी एक. एथिल एस्टर स्वरूपातले तेल रिकाम्या पोटी नीट शोषले जात नाही. जेवणात थोडी चरबी असेल तेव्हाच घ्यावे.

स्निग्धा | मंगळवार, सकाळी ७.४०

स्वयंपाकघराकडून लिहिते, कारण ‘कशाच्या जागी’ हा प्रश्न तिथे सगळ्यात जास्त लागू पडतो.

पुण्यात घरोघरी शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांपैकी एखादे तेल असते, शिवाय साजूक तूप. करडईच्या नेहमीच्या वाणांत लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-६, सुमारे ७५ टक्के. सूर्यफुलात ६० च्या आसपास, सोयाबीनमध्ये ५३ आणि वर ७ टक्के अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे वनस्पतींतले ओमेगा-३. शेंगदाण्यात ओलेइक (ओमेगा-९) निम्म्याच्या जवळ आणि लिनोलेइक ३० च्या घरात. तिळात दोन्ही साधारण सारखी, चाळिशीच्या आसपास. कारळ्यांचे तेल करडईच्या वळणाचे. जवस सगळ्यांहून निराळा: त्याच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक. खोबरेल ९० टक्के संपृक्त (सॅच्युरेटेड), त्यातले निम्मे लॉरिक.

आता हिशेब. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २५ ग्रॅम आणि स्त्रीला २० ग्रॅम वरचे तेल-तूप पुरते. ५ मिलीचा चमचा म्हणजे साधारण साडेचार ग्रॅम तेल, तेव्हा चार ते साडेपाच चमचे, आणि त्यात तूपही आले. सगळे २५ ग्रॅम करडईचे धरले तर लिनोलेइक जवळपास १९ ग्रॅम आणि अल्फा-लिनोलेनिक जवळजवळ शून्य. त्यात रोज १० ग्रॅम जवसाचे कूट आले की सव्वादोन ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक मिळते आणि ओमेगा-६ चे ओमेगा-३ शी प्रमाण ८ ते ९ ला १ वर येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचवलेली मर्यादा ५ ते १० ला १ आहे. शेंगदाणा तेल असेल तर ५ ग्रॅम जवस पुरेसा. ज्वारी, गहू, डाळी यांतूनही थोडे लिनोलेइक येते, म्हणून हा हिशेब ढोबळ समजा.

जवस अख्खा खाल्ला तर बराचसा तसाच बाहेर पडतो. मध्यम आचेवर तडतडेपर्यंत भाजा, पूर्ण गार होऊ द्या, मग कुटा. गरम असताना वाटला तर तेल सुटून गोळा होतो. एका वेळी आठवड्याचेच कूट करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. कूट केले की हवा लागते आणि खवटपणा सुरू होतो. जवसाचे तेल फोडणीला कधीच वापरू नका, वरून घ्या. थायरॉइडची गोळी आणि जवस यांत दोन-तीन तास अंतर ठेवा, कारण जवसाचा चिकट अंश औषध शोषू देत नाही.

संपृक्त चरबी मोजताना लोक तुपाकडे बघतात आणि दूध विसरतात. २००० कॅलरीच्या आहारात संपृक्त चरबीची मर्यादा १० टक्के धरली तर सुमारे २२ ग्रॅम येते. एक चमचा तुपात ती ३ ग्रॅम असते. ६ टक्के फॅटच्या पिशवीतले अर्धा लिटर दूध घेतले तर ३० ग्रॅम चरबी, त्यातली जवळपास १९ ग्रॅम संपृक्त. पोळीवरचे तूप बंद करून हे दूध चालू ठेवण्याने काही साधत नाही.

मुठाकाठ | मंगळवार, सकाळी १०.१५

स्निग्धाताई, करडईबद्दल एक शंका. ओमेगा-६ मुळे शरीरात दाह वाढतो, म्हणून करडई-सूर्यफूल सोडून खोबरेल आणि तूप वापरा, असे व्हॉट्सअ‍ॅपवर सारखे फिरते. लिनोलेइकपासून अ‍ॅराकिडोनिक बनते आणि त्यापासून दाह वाढवणारी रसायने, ही साखळी तर पाठ्यपुस्तकातली आहे. मग ते चूक कसे?

नियंत्रणगट | मंगळवार, दुपारी १.३०

साखळी बरोबर आहे, निष्कर्ष चूक आहे. आहारातले लिनोलेइक वाढवले किंवा कमी केले तरी रक्तातले अ‍ॅराकिडोनिक फारसे हलत नाही. शरीर त्याची पातळी घट्ट राखते. हे माणसांवरच्या प्रयोगांच्या २०११ च्या आढाव्यात स्पष्ट दिसले. २०१९ मध्ये १३ देशांतल्या ३० अभ्यासांतले ६८,६५९ लोक एकत्र धरले, तेव्हा रक्तात किंवा चरबीच्या ऊतीत लिनोलेइक जास्त असणाऱ्यांत हृदयविकार कमी निघाला.

पण दुसरी बाजूही मांडायला हवी. १९६८ ते १९७३ मध्ये मिनेसोटात ९,४२३ लोकांवर झालेल्या प्रयोगात संपृक्त चरबीच्या जागी मक्याचे तेल दिले. कोलेस्टेरॉल जवळपास १४ टक्क्यांनी उतरले, पण मृत्यू कमी झाले नाहीत. हे आकडे पूर्णपणे २०१६ मध्ये बाहेर आले. त्यात वापरलेल्या मार्गारिनमध्ये ट्रान्स मेदाम्ले असण्याची शक्यता आहे आणि बऱ्याच जणांनी तो आहार थोडाच काळ घेतला, तरी तो निकाल बाजूला सारू नये.

करडई सोडून खोबरेल घेतले तर काय होते, हे मात्र थेट मोजलेले आहे. २०२० च्या १६ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात खोबरेलाने, इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत, एलडीएल दर डेसिलिटरला सुमारे १० मिग्रॅने वाढले. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो सल्ला पाळू नये. करडई आणि जवस एकत्र ठेवा.

उणे ऐंशी | मंगळवार, रात्री ८.२०

तुलना आणि ‘कशाच्या जागी’ झाले. आता ‘कशाचे टक्के’. नियंत्रणगट यांनी ‘रक्तात लिनोलेइक जास्त’ असे लिहिले, तो आकडा प्रयोगशाळेत कसा तयार होतो आणि कुठे बिघडतो ते सांगतो. मेदाम्लांचे प्रोफाइल करणाऱ्या विद्यार्थ्यांना याचा उपयोग व्हावा.

आधी नमुना कशाचा ते ठरवा. प्लाझ्मा गेल्या काही दिवसांचे जेवण दाखवतो. तांबड्या पेशी १२० दिवस जगतात, म्हणून त्या काही महिन्यांची सरासरी दाखवतात. चरबीची ऊती वर्षाहून जास्त. ओमेगा-३ इंडेक्स ही २००४ मध्ये मांडलेली कल्पना तांबड्या पेशींवर आहे: एकूण मेदाम्लांत ईपीए आणि डीएचए मिळून किती टक्के. ८ च्या वर चांगले, ४ च्या खाली जोखमीचे. प्लाझ्मातला आकडा या मोजपट्टीला लावणे ही नेहमीची चूक.

ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत रक्त घ्या, लगेच थंडीत ठेवा, सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० जी वर १० ते १५ मिनिटे फिरवा. प्लाझ्मा आणि पांढऱ्या पेशींचा थर काढून टाका, पेशी गार सलाइनने दोनदा धुवा, लहान लहान भागांत वाटून उणे ८० ला टाका. साध्या फ्रीजरमध्ये, उणे २० ला, ठेवू नका. तिथे पेशींतले लोह बहुअसंपृक्त मेदाम्लांचे ऑक्सिडीकरण चालू ठेवते आणि काही आठवड्यांत ईपीए-डीएचए घसरतात. मग अहवालात ‘या गटात ओमेगा-३ ची कमतरता’ असे येते, पण कमतरता माणसांत नसून फ्रीजरमध्ये झालेली असते. ज्यांचे नमुने आधी घेतले त्यांची पातळी कमी निघत असेल तर पहिला संशय साठवणीवर घ्या.

मेदाम्ले गॅस क्रोमॅटोग्राफीने मोजतात: यंत्राच्या लांब स्तंभातून ती एकेक करून बाहेर पडतात आणि आलेखावर प्रत्येकाचे शिखर उमटते. त्याआधी त्यांचे मिथाइल एस्टर करावे लागतात. या एस्टरीकरणाला बोरॉन ट्रायफ्लोराइडचे १४ टक्के मिथेनॉलमधले द्रावण, टोल्युइन आणि मिथेनॉल हे ३५:३०:३५ या प्रमाणात, १०० अंशाला ४५ मिनिटे. नंतर हेक्सेन आणि पाणी घालून हलवा, वरचा थर घ्या. टेफ्लॉनच्या आतल्या थराची झाकणे लागतात. झाकण सैल असेल तर मिथेनॉल उडून जाते आणि अभिक्रिया अर्धवट राहते. नळी पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नका. अभिकारक जुना असेल तर बहुअसंपृक्त मेदाम्लांपासून नको ती उत्पादने तयार होतात. द्रावकात बीएचटी (ऑक्सिडीकरण रोखणारे रसायन) ०.००५ टक्के घाला, त्याचे शिखर कुठे येते ते आधी टिपून ठेवा. पोटॅशियम हायड्रॉक्साइडची पद्धत झटपट आहे, पण मोकळी मेदाम्ले त्यात एस्टर होत नाहीत. खराब झालेल्या नमुन्यात नेमकी तीच जास्त असतात.

प्लास्टिकच्या टोकांतून आणि नळ्यांतून पामिटिक आणि स्टिअरिक येते. प्रत्येक तुकडीत एक कोरा नमुना, म्हणजे रक्त सोडून बाकी सगळे, चालवाच. लहान नमुन्यात हा भेसळीचा वाटा डोळ्यांत भरण्याइतका असतो.

शिखरे ओळखताना तांबड्या पेशींत पामिटिक आणि स्टिअरिकच्या जरा आधी डायमिथाइल अ‍ॅसिटाल येतात. ती मेदाम्ले नाहीत, पेशींच्या पडद्यातल्या प्लाझ्मालोजेन या चरबीपासून आलेली आहेत. काही वॅक्स स्तंभांवर डीएचए आणि नर्व्होनिक अगदी चिकटून येतात, आणि ३० मीटरच्या स्तंभावर ट्रान्स ओलेइकच्या पोटात लपते. ट्रान्स मोजायचे असेल तर १०० मीटरचा सायनोप्रोपिल स्तंभच हवा.

शेवटची गोष्ट, जी सगळ्यात जास्त दुर्लक्षिली जाते. टक्केवारीची बेरीज १०० असते. एकाने जास्त पामिटिक खाल्ले तर त्याचे डीएचए जरासुद्धा न घटता टक्क्यांत घटलेले दिसेल. म्हणून आंतरिक प्रमाण (ठरलेल्या मात्रेत मुद्दाम मिसळलेले मेदाम्ल) घालून मायक्रोग्रॅममध्येही आकडा काढा, आणि दोन्ही छापा.

पर्वतीपायथा | मंगळवार, रात्री ९.०५

आंतरिक प्रमाण म्हणून सतरा कार्बनचे सी-१७ घेतात ना?

उणे ऐंशी | मंगळवार, रात्री ९.३१

घेतात, पण आपल्याकडे घेऊ नये. सी-१५ आणि सी-१७ ही विषम मेदाम्ले दुधातुपातून येतात. दूध, दही, तूप रोज खाणाऱ्या पुणेकराच्या रक्तात सी-१७ आधीच असते. मग तुम्ही घातलेल्यात त्याची भर पडते आणि बाकी सगळी मेदाम्ले प्रमाणापेक्षा कमी मोजली जातात. सी-१९ किंवा सी-२३ घ्या.

तसेच शेंगदाण्याचे. अ‍ॅड्रेनोल्युकोडिस्ट्रॉफी या दुर्मीळ आनुवंशिक आजारासाठी प्लाझ्मातली अतिदीर्घ मेदाम्ले मोजतात: सी-२६, आणि सी-२२ शी सी-२४ व सी-२६ ची गुणोत्तरे. शेंगदाण्यात ही लांब मेदाम्ले असतात आणि खाल्ल्यावर रक्तातली पातळी चढते. रुग्णाला नुसते ‘उपवास करून या’ सांगितले तर चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याची आमटी खाऊन येणार, आणि त्याच्या दृष्टीने तो उपवासच आहे. म्हणून ‘उपाशीपोटी, रात्रीच्या जेवणानंतर १२ तास पाण्याशिवाय काही नाही’ असे शब्द वापरा. तान्ह्या आणि लहान मुलांना मात्र असे लांब उपाशी ठेवू नका. मेदाम्लांच्या ज्वलनातला दोष, उदाहरणार्थ एमसीएडी, असेल तर लांबलेली उपासमार जिवावर बेतते. त्या दोषासाठी वाळलेल्या रक्ताच्या ठिपक्यावर अ‍ॅसिलकार्निटीन तपासतात, आठ कार्बनचे वाढलेले असते. वर सांगितलेले प्रोफाइल त्याला चालत नाही.

मुठाकाठ | बुधवार, सकाळी ९.२०

शाकाहारी माणसाचा ओमेगा-३ इंडेक्स ४ च्या खाली निघाला तर नुसत्या जवसाने भागते का?

स्निग्धा | बुधवार, दुपारी १२.१०

ईपीए थोडे वाढते, डीएचए जवळजवळ नाही. अल्फा-लिनोलेनिकचे ईपीएत रूपांतर काही टक्के होते, डीएचएत पुरुषांमध्ये एक टक्क्याहूनही कमी. प्रजननक्षम वयाच्या स्त्रियांमध्ये जरा बरे.

यात पुण्याशी निगडित महत्त्वाचा अभ्यास आहे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने एफएडीएस-२ या जनुकातला एक छोटा भरणीचा बदल, म्हणजे डीएनएचा लहान तुकडा जास्तीचा असणे, तपासला. भारतीय नमुने पुण्यातल्या, मुख्यतः शाकाहारी, २३४ लोकांचे होते. बदलाच्या दोन्ही प्रती असणारे इथे ६८ टक्के निघाले, तर अमेरिकेतल्या ३११ जणांत १८ टक्के. या बदलामुळे वनस्पतीतल्या मेदाम्लांपासून लांब साखळीची मेदाम्ले बनवण्याची क्षमता वाढते. पिढ्यान् पिढ्या शाकाहार असलेल्या समाजात हे अपेक्षितच.

पण ‘आमची जनुके जवसापासून डीएचए बनवतात’ असा त्याचा अर्थ काढू नका. या जनुकाचे विकर (एन्झाइम) ओमेगा-६ आणि ओमेगा-३ या दोन्ही साखळ्यांवर चालते. घरात ७५ टक्के लिनोलेइकचे तेल आणि जवस नाही, अशी स्थिती असेल तर वाढलेली क्षमता अ‍ॅराकिडोनिककडे वळते. म्हणजे ज्याच्यात हा बदल आहे त्याने तर तेलाचा समतोल जास्तच सांभाळायचा.

गरोदरपणात डीएचए निदान २०० मिग्रॅ मिळावे असे धरतात. शाकाहारी असेल तर शेवाळापासून काढलेले डीएचए मिळते. मासेही ते शेवाळाच्या साखळीतूनच मिळवतात. मासे खात असाल तर बांगडा आणि तारली उत्तम, सुरमईपेक्षा स्वस्त आणि पारा कमी. रोहू-कटला या गोड्या पाण्यातल्या माशांत ओमेगा-३ बरेच कमी. तारली खोल तेलात तळली तर तळणाचे तेल माशात शिरते. कालवण किंवा तव्यावर थोड्या तेलात करा.

नियंत्रणगट | बुधवार, दुपारी ३.४५

गरोदरपणाला पुस्ती. २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) ७० चाचण्या होत्या. ३४ आठवड्यांआधीच्या प्रसूती ४.६ वरून २.७ टक्क्यांवर आल्या. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियातल्या साडेपाच हजार स्त्रियांच्या चाचणीत मात्र एकूण गटात फरक दिसला नाही. ज्यांची सुरुवातीची पातळी मुळात कमी, त्यांनाच फायदा, असा अर्थ मला सर्वांत सयुक्तिक वाटतो. पुण्यातल्या शाकाहारी स्त्रिया बहुधा त्याच गटात मोडतात. भारती विद्यापीठाच्या इंटरॅक्टिव्ह रिसर्च स्कूल फॉर हेल्थ अफेअर्समध्ये गरोदरपण, बी-१२, फोलेट आणि ओमेगा-३ यांच्या परस्परसंबंधावर बरीच वर्षे काम चालू आहे, ते या दृष्टीने वाचावे.

सुटीची साय | बुधवार, रात्री ८.००

धागा तेल आणि ओमेगांवरच राहिला, म्हणून यकृताबद्दल लिहिते. ट्रायग्लिसराइड २५० आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आले की पहिला सल्ला ‘तेल बंद करा’ असा मिळतो. यकृतातली ती चरबी आली कुठून, याचा माग २००५ मध्ये खुणेची मेदाम्ले देऊन काढला गेला. त्यातली ५९ टक्के शरीरातल्या चरबीतून सुटून रक्तात आलेल्या मोकळ्या मेदाम्लांची होती, २६ टक्के यकृताने स्वतः साखर-पिष्टापासून बनवलेली, आणि ताटातल्या तेलातुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के.

आणि फॅटी लिव्हर वजन दिसत नसलेल्या माणसातही होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांची २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेली तुलना प्रसिद्ध आहे: दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१. जास्त कोणाची, ते सांगायला नको. त्वचेखालची साठवण अपुरी पडली की मेदाम्ले यकृतात आणि स्नायूंत सांडतात.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी साखर: दिवसाचे चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर. मग मद्य. मग पोट. वजन ५ टक्के उतरले तरी यकृतातली चरबी मोजण्याइतकी कमी होते. ७० किलोला साडेतीन किलो. तेल चौथ्या क्रमांकावर.

अहवालाबद्दल एक. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर सूत्राने काढलेले एलडीएल वापरू नका. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा, हे ते सूत्र, आणि तो ‘पाचवा भाग’ तिथे खरा राहत नाही. थेट मोजलेले एलडीएल मागा, किंवा एकूणातून एचडीएल वजा करून नॉन-एचडीएल बघा. ५०० च्या वर स्वादुपिंडाच्या दाहाची काळजी आधी करायची, १००० च्या वर तर तातडीने, आणि तिथे मात्र आहारातली सगळीच चरबी कडक कमी करतात.

उणे ऐंशी | बुधवार, रात्री ८.३५

+१. नळीतला वरचा भाग दुधासारखा पांढरा दिसला तर लॅबने तशी नोंद अहवालात लिहायलाच हवी. अशा नमुन्यात सोडियमसुद्धा खोटे कमी येऊ शकते.

मुठाकाठ | गुरुवार, सकाळी ८.५०

दिवाळी तोंडावर आहे. तळणीचे तेल किती वेळा वापरायचे, आणि वनस्पती तुपातली शंकरपाळी अजून घातक आहेत का?

स्निग्धा | गुरुवार, सकाळी ११.२५

वनस्पती तुपातल्या ट्रान्स मेदाम्लांचा दोष १९९० मध्ये हॉलंडमधल्या प्रयोगाने दाखवला: एलडीएल वाढते आणि शिवाय एचडीएल घटते. आपल्याकडे अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मर्यादा १ जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि १ जानेवारी २०२२ पासून २ टक्के केली. तेव्हा नियम पाळणाऱ्या डब्यातले ट्रान्स आता थोडे आहे. पण घट्टपणा कशातून तरी आणावा लागतो, आणि तो बहुधा पामच्या संपृक्त भागातून येतो. वेष्टनावर ट्रान्स शून्य दिसले तरी त्याच्या वरची संपृक्त चरबीची ओळ वाचा. मोहनाला थोडे साजूक तूप किंवा गरम तेल पुरते.

तळणीला करडई घेऊ नका. लिनोलेइक हे ओलेइकच्या दहापट वेगाने ऑक्सिडीकृत होते, लिनोलेनिक त्याच्याही दुप्पट. शेंगदाणा तेल किंवा तांदळाच्या कोंड्याचे तेल बरे. तापमान १७० ते १८० अंश: पिठाची छोटी गोळी टाकली तर तळाशी न बसता लगेच वर यावी, पण टाकताच काळी पडू नये. धूर दिसला म्हणजे उशीर झाला. पितळेच्या कढईची कल्हई उडाली असेल तर ती वापरू नका, तांब्याचा स्पर्श तेल झपाट्याने बिघडवतो. मीठ आणि हळद पिठातून तेलात झडते, म्हणून चकलीच्या आधी शंकरपाळी तळा. प्रत्येक घाण्यानंतर चुरा झाऱ्याने काढा, तळाशी जळालेला चुराच तेल काळे करतो.

तळण संपले की तेल लोखंडी कढईत रात्रभर ठेवू नका. कोमट असताना कापडातून गाळून स्टीलच्या बंद भांड्यात, अंधारात ठेवा आणि आठवड्याभरात फोडणी-भाजीला संपवा. पुन्हा तळणीला शक्यतो नको, तीनदा तर कमाल. फेस बसत नसेल, तेल दाट झाले असेल किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर येत असेल तर टाकून द्या. नवे तेल ओतून जुने ‘सुधारत’ नाही, नव्यालाच त्याची लागण होते. दुकानदारांसाठी कायद्याची मर्यादा एकूण ध्रुवीय संयुगे (तेल बिघडताना तयार होणारी) २५ टक्के ही आहे, आणि ते मोजणारे हातातले यंत्र मिळते.

पर्वतीपायथा | गुरुवार, दुपारी २.००

ध्रुवीय संयुगांचे यंत्र माशाच्या तेलाच्या कॅप्सुलीला चालेल का? खवट कॅप्सुली ओळखायच्या होत्या.

उणे ऐंशी | गुरुवार, सायंकाळी ६.४०

नाही. ते तळणीच्या गरम तेलासाठी असते. कॅप्सुलीला पेरॉक्साइड मूल्य आणि अ‍ॅनिसिडीन मूल्य काढतात: पहिले ५ च्या आत, दुसरे २० च्या आत, आणि पहिल्याची दुप्पट अधिक दुसरे मिळून २६ च्या आत. नुसते पेरॉक्साइड बघू नका. तेल फार जुने झाले की पेरॉक्साइड फुटून अल्डिहाइड बनतात आणि ते मूल्य उलट खाली येते, चांगल्या तेलासारखे. लिंबाचा वास घातलेल्या तेलात अ‍ॅनिसिडीन खोटे वाढते, कारण त्या वासातही अल्डिहाइड असतात. घरी एवढेच करा: एक कॅप्सूल सुईने टोचून वास घ्या. ताज्या माशाचा हलका वास चालतो. जुन्या ऑइलपेंटसारखा तिखट वास आला तर सबंध बाटली टाका.